समुद्रतळ, मिठागर आणि कडू पाणी : कोल्हापूरच्या मिठाच्या इतिहासाची काही अंगे

१

कोल्हापूर आणि समुद्र यांचा संबंध सकृद्दर्शनी दूरचा वाटतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा सिद्ध होते, नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर पूर्वेच्या अंगास पडलेला पावसाचा थेंब अरबी समुद्रापासून अवघ्या काही कोसांवर असूनही सारे दख्खन ओलांडून पूर्वसमुद्रास जातो. या प्रांताची शेती, वस्ती व तीर्थे या पूर्ववाहिनी पाण्याच्या आधाराने वाढली. त्यामुळे येथील इतिहासलेखनाची दृष्टीही स्वाभाविकपणे पूर्वेकडे, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्याकडे, वळलेली आहे.

परंतु पाणी पूर्वेकडे गेले, तरी मीठ मात्र पश्चिमेकडून आले. धान्य, गूळ, मिरची, कापूस यांपैकी प्रत्येक जिन्नस देशावर पिकतो. मीठ पिकत नाही. ते कोकणाच्या खाड्यांतून फोंडा, करूळ, आंबा अशा घाटांनी बैलांच्या पाठीवर वर चढले. ज्या वस्तूवाचून एकही चूल चालत नाही अशी ही एकमेव वस्तू बाहेरून आणावी लागत असल्यामुळे समुद्रावर कोणाची सत्ता आहे, हा प्रश्न कोल्हापूरच्या अगदी गरीब घरापर्यंतही येऊन पोहोचत असे.

प्रस्तुत निबंधात या मिठाच्या इतिहासाच्या तीन अंगांचा विचार केला आहे. पहिले, ज्या भूमीवर मीठ पिकते ती भूमी पाण्याने कशी घडविली. दुसरे, त्या मिठावर राजसत्तांनी कोणत्या दृष्टीने हात ठेवला. तिसरे, मीठ काढून घेतल्यावर जे पाणी उरते त्याचे काय झाले. यांपैकी पहिल्या दोहोंवर बरेच लिहिले गेले आहे. तिसऱ्याकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. म्हणून शेवटच्या अंगाचा येथे अधिक विस्ताराने परामर्श घेतला आहे.

२

कोकणची भूमी परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला तेव्हा निर्माण झाली, ही कथा सर्वश्रुत आहे. कथेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिच्यात एक निरीक्षण दडलेले आहे, ते असे की या किनाऱ्यावर जमीन आणि समुद्र यांची सीमा कायमची नाही. भूशास्त्राने हेच निराळ्या भाषेत सांगितले आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगातील समुद्रांची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज जिला समुद्रबूड जमीन म्हणतात त्या उथळ तळाचा फार मोठा भाग त्या काळी उघडा होता. ही समुद्रबूड जमीन मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. पुढे हिम वितळले, समुद्र वर चढला आणि नद्यांची मुखे बुडाली. कोकणातील खाड्या म्हणजे अशा रीतीने समुद्राने आत घुसून व्यापलेली नद्यांची खोरी होत.

या बुडालेल्या खोऱ्यांत दोन पाण्यांचे काम अखंड चालू असते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्या काळ्या पाषाणाची आणि जांभ्याची झीज खाडीत आणून टाकतात. दुसरे पाणी भरतीचे. ते दिवसातून दोनदा आत येते, घटकाभर स्थिर होते आणि परत फिरते. त्या स्थिरतेच्या वेळी पाण्यात तरंगणारी गाळाची सूक्ष्म माती तळाशी बसते. तिवरांची मुळे तिला धरून ठेवतात. जड कण मात्र इतके दूर जात नाहीत. लाटा त्यांना निवडून पुळणीवर व उपसागरांच्या तळाशी साठवितात. रत्नागिरीच्या परिसरातील पुळणींत आणि लगतच्या समुद्रतळात इल्मेनाइटयुक्त काळ्या वाळूचे जे साठे आढळतात ते याच निवडीचे फळ होय. सारांश, समुद्र हा गाळ नुसता साठवीत नाही, तो त्याची प्रतवारी करतो.

भरतीने असा जो सपाट, चिकट आणि पाणी न मुरू देणारा चिखलाचा पट्टा तयार केला, त्याला कोकणात खाजण म्हणतात. उधाणाच्या भरतीला तो बुडतो, भांगाच्या दिवसांत उघडा राहतो. मिठागराला हवी असते नेमकी अशीच भूमी. वाळूवर मीठ पिकत नाही, कारण वाळू पाणी पिऊन टाकते. खडकावरही पिकत नाही, कारण तेथे वाफे बांधता येत नाहीत. खाजणाभोवती मातीचा बांध घालावयाचा, त्यास उघाडी ठेवावयाची, उधाणाचे पाणी आत घेऊन उघाडी बंद करावयाची आणि मग ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, अधिकाधिक उथळ वाफ्यांत फिरवीत उन्हाने आटवावयाचे, अशी ही पद्धती आहे. खणून, पाणी घालून व पायांनी मळून वाफ्याचा तळ इतका घट्ट करतात की मिठाचा थर ओढताना माती वर येऊ नये. मिठागर म्हणजे, एका अर्थी, माणसाने समुद्राकडून मागून घेतलेला समुद्रतळाचा तुकडा होय. पावसाळ्यात तो समुद्राला परत करावा लागतो आणि कार्तिकानंतर पुन्हा मागावा लागतो.

३

या व्यवसायाचा इतिहास शब्दांतही साठलेला आहे. संस्कृत 'लवण' शब्दापासून मराठीत 'लोण' आला. आज तो स्वतंत्रपणे क्वचितच वापरला जातो. परंतु 'लोणचे', 'पादेलोण' यांत तो टिकून आहे, आणि 'अलवण' शब्दापासून आलेला 'अळणी' हा तर नित्याचा आहे. 'लावण्य' हा शब्दही 'लवण' शब्दापासूनच साधला जातो. आट्यापाट्यांच्या खेळातील 'लोण' आणि त्यावरून आलेला 'लोण पोचणे' हा वाक्प्रचार यांचाही मिठाशी संबंध जोडला जातो.

'मीठ' शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. संस्कृत 'मृष्ट' किंवा 'मिष्ट', प्राकृत 'मिट्ठ', म्हणजे रुचकर, गोड, हे त्याचे मूळ. हिंदीत त्यापासून 'मीठा' म्हणजे गोड असा अर्थ राहिला. गुजरातीत 'मीठुं' या एकाच शब्दाने गोड आणि मीठ हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. मराठीत 'मीठ' हे नाम केवळ खारट पदार्थाचे झाले. ज्याने अन्नाला रुची येते ते रुचकर, असा हा अर्थाचा प्रवास दिसतो. त्यात मंगलभाषणाचाही अंश असण्याचा संभव आहे, कारण मिठाभोवती संकेत पुष्कळ आहेत. तिन्हीसांजेला मीठ उसने देऊ नये, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावी, खाल्ल्या मिठाला जागावे, इत्यादी.

स्थलनामांचा पुरावा मात्र जपून वापरला पाहिजे. देवगड तालुक्यात मिठबाव आणि मिठमुंबरी अशी गावे आहेत. 'मीठ' शब्द दिसताच तेथे मिठागर होते असा निष्कर्ष काढणे मोहक असले, तरी ते सुरक्षित नाही. 'बाव' म्हणजे विहीर; खाऱ्या पाण्याच्या मुलखात गोड पाण्याची विहीर ही गावाला नाव मिळण्याइतकी मोलाची गोष्ट आहे, आणि 'मीठ' शब्दाचा जुना अर्थ तेथे टिकला असण्याचा संभव तितकाच आहे. मुंबईची मिठी नदी हे त्याचे उदाहरण. उलट सौराष्ट्रातील ओखामंडळातल्या 'मिठापूर' या नावात मीठच आहे, याविषयी शंका नाही. एकच धातुरूप एका ठिकाणी खाऱ्याची आणि दुसऱ्या ठिकाणी गोडाची खूण ठरते. म्हणून कागदपत्रांचा किंवा भूरचनेचा आधार मिळेपर्यंत केवळ नावावरून इतिहास रचू नये.

'आगर' शब्दाचेही तसेच आहे. संस्कृत 'आकर' म्हणजे खाण, साठा. अर्धमागधीत त्याचे 'आगर' हे रूप आढळते. कोकणात हा शब्द मिठाच्या वाफ्यांना लावतात, तसाच नारळी-पोफळीच्या बागेलाही लावतात. मीठ पिकविणारे ते आगरी. येथे भाषेने एक महत्त्वाची गोष्ट नोंदवून ठेविली आहे. मीठ हे खणून काढावयाचे खनिज असले, तरी कोकणी माणसाच्या दृष्टीने ते पीक होते. 'मीठ पिकते' असेच म्हणतात. पुढे राजसत्तेशी जो झगडा झाला त्याच्या मुळाशी हाच दृष्टिभेद होता. पीक पिकविणाऱ्याचे असते. खाण राजाची असते.

४

मराठी राजसत्तेने मिठाकडे कसे पाहिले, याचा उत्तम पुरावा म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिलेले पत्र. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्यामुळे घाटावरचे व्यापारी तिकडे वळू लागले होते, आणि संगमेश्वरकडील प्रभानवल्लीच्या मिठाचा उठाव धोक्यात आला होता. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, ती अशी की घाटावर जाताना ते प्रभानवल्लीच्या मिठापेक्षा महाग पडावे, अशी आज्ञा या पत्रात आहे. स्वदेशी उत्पादकाचे जकातीने संरक्षण करण्याचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. त्याबरोबर एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही, ती म्हणजे या संरक्षणाचा भार घाटावरच्या ग्राहकावर पडत होता. प्रभानवल्लीच्या आगराचे रक्षण झाले. परंतु फोंड्याच्या किंवा रामघाटाच्या वाटेने स्वस्त मीठ आणणाऱ्याला ते महाग झाले. एकाच जकातीकडे खाडीकाठी आणि घाटमाथ्यावर भिन्न दृष्टीने पाहिले गेले असले पाहिजे.

पुढे कोल्हापूरचे स्वतंत्र राज्य झाले तेव्हा त्याला समुद्र लाभला. सातारा व कोल्हापूर यांच्यातील १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणेच्या दक्षिणेकडील मुलखाबरोबर तळकोकणातील साळशीपासून दक्षिणेचा भागही कोल्हापूरकडे राहिला. मालवण आणि सिंधुदुर्ग ही कोल्हापूरची समुद्राकडील दारे होती. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, पण दुसऱ्याच वर्षी तो परत केला. आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याचे ठाणे गगनबावडा येथे, म्हणजे करूळ घाटाच्या अगदी तोंडाशी होते, आणि आज्ञापत्रात साहुकार व आरमार या दोहोंना स्वतंत्र प्रकरणे आहेत, हा केवळ योगायोग नव्हे. घाटाच्या माथ्यावरून ज्याला समुद्र आणि पेठ दोन्ही दिसतात, तो राज्याचा असाच विचार करील.

१८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले. समुद्री चाचेगिरीचा बंदोबस्त हे त्याचे कारण सांगितले गेले. इतिहासग्रंथांत या घटनेची नोंद आरमाराच्या अस्ताच्या संदर्भात होते. परंतु मिठाच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ निराळा आहे. या तारखेनंतर कोल्हापूरच्या प्रजेने खाल्लेल्या मिठाच्या किमतीविषयी कोल्हापूरच्या दरबाराला काही बोलण्याचा अधिकार राहिला नाही.

५

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात १८३७ मध्ये मिठावर मणामागे ८ आणे उत्पादनकर बसला. तो टप्प्याटप्प्याने वाढत १८७७ मध्ये अडीच रुपये झाला. १८८२ मध्ये तो २ रुपयांवर आला आणि १८८८ मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला. संस्थानी प्रजाही या करातून सुटली नाही, कारण कर मिठागराच्या दारातच वसूल होत असे आणि किमतीत मिसळून तो घाट चढत असे. कर भरूनच बाहेर पडलेल्या मिठावर संस्थानच्या सीमेचा काही परिणाम होत नाही.

राहता राहिला गोव्याचा मार्ग. शिवाजी महाराजांना ज्या बारदेशच्या मिठाची चिंता होती, तेच मीठ आता इंग्रजांच्या उत्पन्नाला धोकादायक ठरले. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात तह झाला आणि १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला. त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर इंग्रज सरकारचे नियंत्रण आले आणि मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. गोव्यातील आगरवाल्यांत यामुळे तीव्र असंतोष पसरला. १८९२ मध्ये हा तह संपला. १६७१ चे पत्र आणि १८७८ चा तह यांत बाह्यतः साम्य आहे, कारण दोन्हींचा रोख स्वस्त गोवेकरी मिठावर होता. अंतरंग मात्र भिन्न आहे. पहिल्यात एका आगराच्या रक्षणासाठी दुसऱ्यावर जकात होती. दुसऱ्यात सर्वच आगरांवर सारखा कर बसविण्यासाठी स्वस्त आगरच अंकित करण्यात आले.

१८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ तयार करणे हा गुन्हा ठरविला. 'पीक' या कल्पनेची जागा 'खाण' या कल्पनेने अखेर घेतली. १९३० च्या सत्याग्रहाचा रोख याच गोष्टीवर होता. दांडीनंतर महाराष्ट्रात वडाळ्याप्रमाणेच वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरावर त्या वर्षीच्या मे महिन्यात सत्याग्रह झाला. त्या वेळी वि. स. खांडेकर हे शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. १९२० ते १९३८ पर्यंतचा काळ तेथे घालवून ते कोल्हापुरास आले, आणि मिठाच्या जुन्या मार्गाने साहित्यही घाट चढून वर आले असे म्हणता येईल.

१९३१ च्या मार्चमधील गांधी-आयर्विन कराराने जेथे मीठ तयार होऊ शकते त्या गावांतील लोकांना घरखर्चापुरते व गावातल्या गावात विकण्यापुरते मीठ करण्याची मुभा दिली. या सवलतीची मर्यादा ध्यानात घेण्यासारखी आहे. ती किनाऱ्याला मिळाली. घाटमाथ्याला मिळाली नाही. कोल्हापूर, निपाणी, गडहिंग्लज येथील ग्राहक १ एप्रिल १९४७ रोजी मीठकर रद्द होईपर्यंत कर भरीतच राहिला.

६

येथपर्यंतचा इतिहास मिठाचा झाला. आता मीठ काढल्यावर उरणाऱ्या पाण्याकडे वळू.

एक हजार किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ किलोग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी साधे मीठ सुमारे २७ किलोग्रॅम. उरलेल्या आठांत मॅग्नेशियमचे क्लोराइड व सल्फेट, कॅल्शियमचे सल्फेट म्हणजे जिप्सम, पोटॅशियमचे क्षार आणि अत्यल्प ब्रोमाइड असते. ब्रोमीन सुमारे ६५ ग्रॅम. पाणी आटू लागले की हे सर्व एकदम बाहेर पडत नाहीत. १८४९ मध्ये उसिग्लिओ या इटालियन रसायनज्ञाने भूमध्यसमुद्राचे पाणी आटवून हा क्रम निश्चित केला. पाणी मूळच्या सुमारे एक पंचमांश राहिले की जिप्सम पडू लागते. एक दशांशाच्या आसपास आले की मीठ. मॅग्नेशियमचे क्षार अखेरपर्यंत पाण्यातच राहतात. आगरी माणसाला हा क्रम प्रयोगशाळेवाचून ठाऊक होता, कारण त्याच्या वाफ्यांची रचनाच तशी आहे. जिप्सम आधीच्या वाफ्यांत बसते, मीठ शेवटच्या वाफ्यात धरते, आणि मिठाचा थर ओढल्यावर जे दाट पाणी उरते ते वेळीच सोडून द्यावे लागते. न सोडल्यास मीठ कडू होते आणि पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. हवेतील ओलावा शोषण्याचा हा गुण मॅग्नेशियम क्लोराइडचा आहे.

हे कडू पाणी ओहोटीबरोबर खाडीत जात असे. मिठावर कर होता, वजन होते, वही होती, शिपाई होता; या पाण्याला किंमत नव्हती म्हणून त्याची नोंदही नव्हती.

युरोपात मात्र याच पाण्याने रसायनशास्त्राला एक नवे मूलद्रव्य दिले. फ्रान्समधील माँपेलिए येथील तरुण रसायनज्ञ अंत्वान बालार हा मिठागराच्या उरलेल्या पाण्यावर प्रयोग करीत असता त्याला एक तांबडा, उग्र वासाचा द्रव मिळाला. १८२६ मध्ये त्याने आपला शोध प्रसिद्ध केला. लॅटिन भाषेतील खारवणीच्या शब्दावरून त्याने या द्रव्याला 'म्यूरीद' असे नाव सुचविले होते. फ्रेंच विद्वत्सभेने ते बदलून दुर्गंधवाचक ग्रीक शब्दावरून 'ब्रोमीन' केले. नामकरणाचा हा प्रसंग भाषाभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. पहिल्या नावात उगम होता, दुसऱ्यात केवळ वास उरला, आणि हे द्रव्य मिठागराच्या टाकाऊ पाण्यातून आले ही स्मृती नावातून पुसली गेली.

जर्मनीतील स्टासफुर्टची हकीकतही अशीच आहे. तेथे भूगर्भात एका प्राचीन, आटून गेलेल्या समुद्राचे क्षार आहेत. मिठासाठी खाण खणताना वरच्या थरांतील कडू क्षार अडगळ म्हणून बाजूस टाकले जात; त्यांचे नावच मुळी 'अडगळीचे क्षार' असे होते. त्यांतील पोटॅशची योग्यता कळल्यावर १८६१ मध्ये तेथे पहिला कारखाना निघाला आणि अडगळ हेच मुख्य उत्पन्न झाले. मॅग्नेशियम क्लोराइड हेही त्याच उद्योगाचे उपफल. ते जहाजाने मुंबईस येई, कारण कापडगिरण्यांत सुताला जी खळ देतात तीत त्याचा उपयोग होता. ओलावा धरून ठेवणारे हे द्रव्य खळीत असले की सूत कोरडे पडून तुटत नाही. स्वयंपाकघरात जो दोष होता, तोच गिरणीत गुण ठरला. येथील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. जे द्रव्य मुंबईच्या गिरण्या जर्मनीतून विकत घेत होत्या, तेच द्रव्य मुंबईच्या आसपासच्या मिठागरांतून रोज ओहोटीबरोबर समुद्रात सोडले जात होते.

ही विसंगती युद्धाने उघडी पाडली. १९१४ मध्ये जर्मनीचा माल बंद झाला, आणि युद्धकाळात कच्छच्या छोट्या रणाच्या काठी खाराघोडा येथे, मीठ काढल्यावर उरणाऱ्या खारवणीपासून मॅग्नेशियम क्लोराइड काढण्याचा उद्योग सुरू झाला. पुढे कपिलराम वकील यांनी बडोदे संस्थानातील ओखामंडळात उभारलेल्या मिठागराच्या पायावर १९३९ मध्ये टाटा केमिकल्स ही कंपनी निघाली. मीठ, सोडा आणि कडू पाण्यातील क्षार यांचा एकत्रित विचार तेथे होऊ लागला. १९५४ मध्ये भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था स्थापन झाली. संस्थेच्या नावातच मिठाच्या जोडीला 'सागरी रसायन' आहे, आणि कडू पाण्यातून पोटॅश व मॅग्नेशियमची संयुगे काढण्याच्या पद्धतींवर तेथे दीर्घकाळ काम झाले आहे.

कोल्हापूरचा या कथेशी आणखी एक, काहीसा अनपेक्षित, संबंध आहे. चित्रफितीवरील प्रकाशग्राही थर सिल्व्हर ब्रोमाइडचा असतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी याच नगरीत स्थापन झाली. कॅमेरा बाबूरावांनी स्वतः तयार केला. कोरी फीत मात्र परदेशातून येत असे. कोणत्या तरी समुद्राच्या कडू पाण्यातील किंवा आटलेल्या समुद्राच्या क्षारातील ब्रोमीन त्या फितीवरून कोल्हापूरला येत होते, आणि घाटाखालच्या खाड्यांतील ब्रोमीन समुद्रास परत जात होते.

येथे एक आक्षेप संभवतो. कोकणातील मिठागरे लहान, विखुरलेली आणि पावसामुळे वर्षातून काही महिनेच चालणारी. त्यांच्या कडू पाण्यावर कारखाना चालणे शक्य होते काय? खाराघोडा किंवा ओखामंडळ येथे पाऊस कमी, क्षेत्र विस्तीर्ण. तेथे जे साधले ते शिरोड्यास साधले असते असे म्हणणे धाडसाचे होईल. हा आक्षेप योग्य आहे. परंतु त्याने प्रश्न मिटत नाही, कारण एकेका आगराचे पाणी एकत्र करण्याचा विचार करण्यासाठीही ते आधी मोजावे लागते. आणि ज्या कारभाराची सारी दृष्टी कराच्या वसुलीवर खिळली होती, त्याला मोजण्यासारखे फक्त मीठ दिसत होते. उत्पादकाच्या हाती परवाना होता, स्वातंत्र्य नव्हते. आणि त्याचे ज्ञान कोणी विचारीत नव्हते.

७

या विवेचनातून काही अनुमाने निघतात. कोल्हापूरचा इतिहास समुद्राला वगळून लिहिता येत नाही. १८१२ नंतर तर तो समुद्र गमावण्याच्या परिणामांचाही इतिहास आहे. मिठावरील जकात आणि कर यांची तुलना करताना त्यांचा रोख कोणावर होता आणि भार कोठे पडला, हे दोन्ही पाहिले पाहिजे; केवळ किनाऱ्याच्या बाजूने पाहिल्यास घाटमाथा दृष्टीआड होतो. आणि उपपदार्थांचा इतिहास हा मुख्य पदार्थाच्या इतिहासाचे परिशिष्ट नसून, कोणत्या गोष्टीला मोल द्यावयाचे हे कोण ठरवितो याचा स्वतंत्र पुरावा आहे.

भाषेच्या अंगाने एक गोष्ट शिल्लक राहते. मराठीत मिठासाठी, आगरासाठी, खाजणासाठी, भरतीच्या प्रत्येक प्रकारासाठी शब्द आहेत. १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशापासून दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत त्यांचा संग्रह होत आला आहे. पण मीठ काढल्यावर उरणाऱ्या पाण्यासाठी ग्रंथभाषेत रूढ झालेला मराठी शब्द नाही. शास्त्रीय लेखनात बहुधा 'बिटर्न' हाच इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला जातो. ज्याला बाजारात किंमत नव्हती त्याला कोशातही जागा मिळाली नाही. याचा अर्थ लोकांजवळ शब्द नव्हता असा मात्र होत नाही. जो माणूस पिढ्यान्पिढ्या ते पाणी नेमक्या वेळी वाफ्यातून सोडीत आला, त्याने त्याला काही तरी म्हटले असणारच. त्याच्या वाफ्यांची, अवजारांची, पाण्याच्या प्रत्येक अवस्थेची नावे प्रत्येक खाडीवर निराळी असण्याचा पुष्कळ संभव आहे.

कोकणातील अनेक आगरे पडीक झाली, काहींवर वस्ती उभी राहिली, काहींत कोळंबीची तळी झाली. आगर मोडले की त्याचा शब्दसंग्रह एका पिढीच्या आत नाहीसा होतो; तो कोणत्याही दप्तरात नसतो. शिरोड्यापासून पेणपर्यंत ज्या आगरांत अजून मीठ ओढले जाते किंवा ते ओढलेले ज्यांना आठवते, तेथे जाऊन हे शब्द वृद्ध आगऱ्यांच्या तोंडून टिपून घेणे, हे इतिहास व भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांपुढील काम आहे. त्यास फार साधनांची गरज नाही. मात्र पावसाळा लागून वाफे बुडण्यापूर्वी, फाल्गुन-चैत्रात, काम चालू असतानाच तेथे गेले पाहिजे.